पाणबुडीच्या आतला घाम

पुणे

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या छोट्या पाणबुडीचा आराखडा दोनदा वाचला. आतली हवा कोरडी राहावी म्हणून तू 100 वॅटचा हीटर धरला आहेस, तो आधी खोड. हवा तापवल्याने तिच्यातले पाणी कमी होत नाही. लोखंडी पत्रा मात्र बाहेरच्या पाण्याइतकाच गार राहतो आणि त्यावर दव धरायचे ते धरतेच. शिवाय 12 व्होल्टच्या बॅटरीतून त्यासाठी 8 अँपिअरहून अधिक प्रवाह जाईल, आणि स्वस्थ बसलेला माणूस स्वतःच साधारण तेवढी उष्णता देतो. थंडी वाजली तर स्वेटर घाल. शेगडी वा मेणबत्ती आत नेण्याचे मनातही आणू नकोस.

हिशेब असा मांड. मोकळी जागा 1.5 घनमीटर, झाकण लावताना हवा 28 अंश आणि आर्द्रता 70 टक्के, म्हणजे घनमीटरमागे जवळपास 19 ग्रॅम वाफ आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्या वाफेचे पाणी होऊ लागते ते, सुमारे 22 अंश. पत्रा 20 अंशांवर असेल, तर तुझ्या श्वासाची वाट न पाहताच त्याला घाम सुटेल, जसा फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला पावसाळ्यात सुटतो. त्यात श्वास व त्वचा मिळून तासाला 40 ते 50 ग्रॅम पाण्याची भर पडते, आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमही पाणी सोडतो.

माझ्या पहिल्या सांगाड्यात मी छताला नुसता रंग दिला होता. एका बोल्टच्या माथ्यावर थेंब फुगायचा आणि नेमका खालच्या फ्यूजपेटीवर पडायचा. महिन्याभराने पितळी टर्मिनले हिरवी पडलेली दिसली. म्हणून पाणी कुठे जमावे हे तूच ठरव. डोक्यावर आणि विजेच्या पेट्यांमागे आग न धरणारा, पाणी न पिणारा फोम फट न ठेवता चिकटव, आणि खालच्या अंगाचा पत्रा उघडा ठेव, म्हणजे ओघळ तळाच्या पन्हळीत उतरतील. खिडकीवर वाफ धरू नये म्हणून संगणकातला छोटा पंखा पुरतो.

दीड-दोन तासांच्या बुडीला ओल शोषणारा सिलिका जेल अर्धा किलो घे. ओव्हनमध्ये 120 अंशांवर वाळवून तो पुन्हा वापरता येतो. हवेच्या वाटेत मात्र त्याची जागा सोडा लाइमच्या नंतर, आधी नव्हे. सोडा लाइम पार कोरडा पडला की नीट शोषत नाही.

आत बसण्यापूर्वी एकदा सांगाड्याला बाहेरून ओली गोणपाटे गुंडाळ, आत ऊन पाण्याचे पातेले ठेवून झाकण लाव आणि तासाभराने बॅटरी मारून पाहा. रविवारी येशील तेव्हा थेंब कुठे धरले त्याचे फोटो आण.