दिवाळीच्या सुट्टीत ग्रीसला जावं का? तोवर सीझन संपलेला असतो ना?

सीझन संपत आलेला असतो, म्हणूनच जा. फक्त बेट नीट निवडा. आम्ही दोघं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात क्रीटला गेलो होतो. सँटोरिनीसारख्या छोट्या बेटांवर तेव्हा हॉटेलवाले आवराआवरीला लागतात. क्रीटमध्ये सहा लाखांवर लोक बारमाही राहतात, पाहुणे गेले तरी त्यांचा बाजार चालूच असतो.

मुक्काम हानियाला, व्हेनिसच्या राजवटीतल्या जुन्या बंदराजवळ. सकाळी धक्क्यावर गळ टाकून बसलेले दोन आजोबा, त्यांच्या बादलीवर डोळा ठेवून मांजरं, आणि आम्ही. समुद्र उन्हाळाभर तापलेला, त्यामुळे पाणी अजून २१-२२ अंशांचं. आम्हा कोकणातल्यांना ते गारच. बायको पाच मिनिटांत बाहेर आली, शेजारच्या जर्मन आज्ज्या तासभर डुंबत होत्या.

पण खरी गंमत डोंगराकडच्या गावात. वाइनसाठी द्राक्षं तुडवून झाली की उरलेला चोथा पिंपात आंबवतात आणि याच दिवसांत त्याची रकी, म्हणजे तिथली कडक दारू, गाळतात. घरमालकीण आम्हाला तिच्या दिराच्या भट्टीवर घेऊन गेली. तांब्याचा हंडा, झाकणाच्या फटीवर लिंपलेली कणीक, खाली जैतुनाची लाकडं. नळीतून येणारी धार बारीक, कोमट. निखाऱ्यात बटाटे भाजत टाकलेले, ते सोलून मीठ लावून हातावर ठेवायचे. बांद्याकडची काजूची भट्टी मी लहानपणी पाहिलेली, त्यामुळे वासानेच निम्मा घरी पोचलो. जुलैमध्ये हे दिसणारच नाही, तेव्हा द्राक्षं वेलीवरच असतात.

शाकाहारी असाल तरी उपाशी राहणार नाही. पहिला पाऊस पडला की डोंगरावर रानभाज्या उगवतात. त्यांना 'होर्ता' म्हणतात. नुसत्या उकडून वर ऑलिव्ह तेल नि लिंबू. मला टाकळा आठवला, फक्त ओलं खोबरं तेवढं राहिलं.

आता रडगाणं. समारियाची घळ, १६ किलोमीटरची पायवाट, साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडी असते आणि पाऊस असला की तेवढ्या दिवसापुरती बंद. आमचा दिवस असाच गेला, म्हणून ती शेवटच्या दिवसावर ठेवू नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेपाचलाच सूर्य बुडतो. दुपारी जेवून झोपलात तर दिवस संपला म्हणून समजा. युरोपातल्या इतर शहरांतून थेट येणारी विमानंही कमी होतात. आम्ही अथेन्सजवळच्या पिरेयसहून रात्रीची बोट धरली, सकाळी पोचलो. तारखा जुळत असतील तर २८ ऑक्टोबर साधा. १९४० साली मुसोलिनीला 'नाही' म्हटल्याचा तो राष्ट्रीय सण, शाळेची पोरं संचलन करतात आणि नोसोसच्या प्राचीन राजवाड्यासारख्या सरकारी स्थळांना प्रवेश फुकट असतो.

नोव्हेंबरच्या मध्यानंतर मात्र समुद्रासाठी जाऊ नका. छत्री घ्या, एक जाड स्वेटर घ्या. आणि कुणी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून रकी दिलीच, तर ती तिथेच संपवा; घरी न्यायची तर दुकानातली सीलबंद बाटली घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. आमची हातातल्या पिशवीत राहिली, विमानतळावर सुरक्षा तपासणीत गेली.