अंगठी, जर्नल आणि मे महिन्यातला मुहूर्त

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं
(सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या ताई या सदरात विद्यार्थ्यांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. घर विडी घरकुलात. घरात आम्ही तेलुगू बोलतो, पण शाळा मराठी झाली म्हणून पत्र मराठीत लिहितेय. आई विड्या वळते, नाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर आहेत. बतकम्माचा सण झाला आणि लगेच मला बघायला आले, दिवाळीनंतर साखरपुडा झाला. मुलगा चाकणला कंपनीत आहे, घर हडपसरला. माणसं चांगली वाटतात. लग्न मे महिन्यात धरलंय, कार्यालयाला ॲडव्हान्सही देऊन झालाय.

सकाळी सिटी बसनं कॉलेजला जाते. लेक्चर झालं की प्रॅक्टिकल. प्रॅक्टिकलला मॅडम अंगठी काढून ठेवायला लावतात. परवा लॅबमधून बाहेर पडले आणि होणाऱ्या सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची नजर आधी बोटावर गेली. मला काही बोलल्या नाहीत, पण रात्री आईला फोन आला, ‘अंगठी आवडली नाही का तिला?’ दुपारी आईबरोबर नवी पेठेत जायचं, साड्या बघायच्या, ब्लाऊजची मापं द्यायची. संध्याकाळी आई विड्या वळते, मी तिच्यासमोर बसून जर्नल पूर्ण करते. तिच्या सुपात पानं आणि तंबाखू, माझ्या मांडीवर जर्नल. वहीला तंबाखूचा वास येतो म्हणून मैत्रिणी हसतात. नऊ वाजता त्यांचा फोन येतो. तो संपला की अभ्यास, आणि तोवर डोळे मिटायला लागतात.

थिअरीचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. शेवटचा पेपर हळदीच्या आठवड्यात आला तर काय करू, हे मला रात्री झोपू देत नाही. मला एम.एस्सी. करायचंय. तिकडचे म्हणतात, ‘लग्नानंतर शिक की, आम्ही कुठं नको म्हणतोय?’ यावर विश्वास ठेवू का? आणि लग्न झालं की लगेच आधारवरचं नाव बदलायचं म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : पोरी, अंगठीचं आधी मिटवून टाक, कारण ते सगळ्यात सोपं आहे. उद्या सासूबाईंना तूच फोन कर आणि सांग, ‘लॅबमध्ये ॲसिड असतं, अंगठी खराब होईल म्हणून काढून ठेवते.’ त्यांनी सोनं घडवून आणलंय. ते जपायला काढलं म्हटल्यावर कुठली सासू रागावेल? आईच्या तोंडून निरोप पाठवू नकोस. मुलीची आई बोलायला लागली की साधी गोष्टसुद्धा तक्रार वाटते.

आता परीक्षा. तू थिअरीच्या पेपरची काळजी करतेयस, मला तुझ्या प्रॅक्टिकलची जास्त आहे. प्रॅक्टिकलची परीक्षा बहुधा थिअरीच्या आधी होते, बाहेरचे परीक्षक ठरलेल्या दिवशी येतात आणि तुझ्या घरी पूजा आहे म्हणून ते पुन्हा येत नाहीत. त्या दिवशी जर्नलच्या पहिल्या पानावरचं सर्टिफिकेट भरलेलं हवं, त्यावर विभागप्रमुखांची सही हवी. ऐन परीक्षेच्या सकाळी त्या एका सहीसाठी जिन्यात धावणाऱ्या पोरी मी दरवर्षी बघितल्या आहेत, आणि त्यांत साखरपुडा झालेल्या जास्त असायच्या. तेव्हा या आठवड्यात विभागात जा, प्रॅक्टिकलच्या तारखा विचार, जर्नलवर सही घे. वहीला तंबाखूचा वास आला तर येऊ दे. परीक्षक आतली रीडिंग बघतात आणि गणित बघतात.

थिअरीचं वेळापत्रक केगावला, विद्यापीठात ठरतं. त्यावर तुझा, माझा किंवा प्राचार्यांचा जोर चालत नाही. पण कार्यालयाच्या मॅनेजरवर नानांचा जोर चालतो. त्यांनी आत्ताच जाऊन विचारून ठेवावं की, गरज पडली तर पुढची कुठली तारीख मोकळी आहे आणि बदलीचे किती पैसे कापता. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, तोवर पंचांगात मुहूर्त निघतात, भटजींना विचारा. पेपर लग्नाच्या दिवशीच आला तर तारीख हलवा. दोन-तीन दिवस आधी आला तर काही हलवू नका, पेपर दे. मेंदीच्या हातानं पेपर लिहिताना मी पोरी बघितल्या आहेत, कुठल्या पर्यवेक्षकानं अडवल्याचं आठवत नाही. फक्त पुढं बँकेच्या परीक्षेला बसणार असशील तर एवढं लक्षात ठेव : तिथं बोटाचे ठसे घेतात आणि हाताला मेंदी लावून येऊ नका असं सूचनापत्रात छापलेलं असतं.

पेपर सोडून देऊ, नंतर बॅकलॉगला बसू, असं कुणी सुचवेल. घरातलीच एखादी आत्या किंवा मावशी सुचवेल, आणि प्रेमानंच सुचवेल. ऐकू नकोस. एक विषय राहिला की शेवटच्या सेमिस्टरचा निकाल अडकतो, निकाल अडकला की यंदाचा एम.एस्सी.चा प्रवेश गेला.

आणि इथंच तुझा खरा प्रश्न येतो. ‘लग्नानंतर शिक की’ म्हणणारी माणसं खोटं बोलत नाहीत. माझ्या खिडकीवर वर्षानुवर्षं मुली यायच्या, गळ्यात मंगळसूत्र, कडेवर पोर, ‘टीसी काढायचाय मॅडम, पुढं शिकायचं राहूनच गेलं.’ मी विचारायची, सासरी नको म्हणाले का? बहुतेकींचं उत्तर एकच, ‘नाही हो, कुणी नको नाही म्हणालं.’ मग झालं काय? लग्न मे महिन्यात. मग मांडवपरतणी. मग कुलदैवत, तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट. मग नणंदेकडचं जेवण, मामेसासऱ्यांकडचं जेवण, आणि नव्या सुनेनं प्रत्येक ठिकाणी गेलंच पाहिजे. या सगळ्यात जून जातो, आणि पदव्युत्तर प्रवेशाचे फॉर्म, प्रवेश परीक्षा, याद्या नेमक्या त्याच दिवसांत चालू असतात. कुणीही नकार दिला नाही, नुसती शेवटची तारीख निघून गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, आणि पुढच्या वर्षी पाळणा हलला.

म्हणून विश्वास ठेवायचा की नाही हा विचार सोड. होय म्हणालेत ना, मग त्यांना तारखा दे. हडपसरहून रोज जाता येईल अशा कुठल्या कॉलेजांत एम.एस्सी. केमिस्ट्री आहे त्यांची नावं काढ. गणेशखिंडीला पुणे विद्यापीठाच्या विभागात जायचं असेल तर त्यांची वेगळी प्रवेश परीक्षा असते, तिच्याही तारखा बघत राहा. केमिस्ट्री घरी बसून होत नाही, लॅबला हजेरी लागते, दिवसाचे पाच-सहा तास घराबाहेर जातील, हे स्पष्ट सांग. फी कोण भरणार तेही विचार. हे आधी नवऱ्या मुलाशी बोल, रात्री नऊच्या फोनवर. त्या फोनवर रोज काय बोलता ते मी विचारत नाही, पण एक दिवस हे बोला. ‘फॉर्म मी लग्नाआधीच इथून भरणार आहे. प्रवेश परीक्षेच्या आणि यादीच्या दिवशी आपण कुठल्याही देवाला जायचं नाही, देव समजून घेईल,’ एवढं सरळ वाक्य. तो हो म्हणाला तर आईवडिलांना त्यानंच सांगावं. तो ‘बघू’ म्हणाला तर तेही तुला मे महिन्याच्या आधीच कळलेलं बरं.

कागदांचं सांगते, कारण त्यात माझं आयुष्य गेलं. विद्यापीठ बदलणार, म्हणजे टीसीबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट एका फाइलमध्ये लाव. जातीचा दाखला वडिलांच्या आणि आजोबांच्या कागदांवरून निघतो. तो किंवा त्याची पडताळणी राहिली असेल तर आत्ता अर्ज कर, सगळे कागद नानांच्या पेटीत आहेत तोवर. लग्नानंतर हडपसरहून हुतात्मा एक्स्प्रेसनं एकेका कागदासाठी सोलापूर गाठायचं म्हणजे रजा, तिकीट आणि सासरच्यांना उत्तरं, तिन्ही आलं. ती फाइल रुखवतात मांडू नकोस एवढंच, पण बॅगेत सगळ्यात वर ठेव.

नाव. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. मार्कशीटवर जे नाव आहे त्याच नावानं एम.एस्सी.ला प्रवेश घे. तोवर आधारला हात लावू नकोस. मार्कशीट एका नावाची, आधार दुसऱ्या नावाचं, बँकेचं पासबुक तिसऱ्याच स्पेलिंगचं, असं झालं की आधी शिष्यवृत्तीचे पैसे अडकतात. लग्नाची नोंदणी मात्र नव्वद दिवसांच्या आत करून घ्या, दाखला कामाला येतो. पुढं हौसेनं नाव बदलायचं ठरलं तर राजपत्रात रीतसर छापून घे आणि सगळीकडे एकदमच बदल. सासूबाईंना सांग, पत्रिकेत आणि दारावरच्या पाटीवर काय हवं ते नाव घाला, तिथं माझी ना नाही.

प्रश्न : मी एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरीची ऑफर आहे, लग्न ठरलंय. माझ्या घरच्यांनी हुंडा मागितलेला नाही. पण बैठकीत ‘तुमच्या मुलीला तुम्ही हौसेनं काय द्यायचं ते द्या’ म्हणाले आणि नंतर गाडीच्या शोरूमचा विषय काढला. मुलीचे वडील पतसंस्थेतून कर्ज काढतायत असं कानावर आलं. मला लाज वाटते, पण पप्पांसमोर तोंड उघडत नाही.
– जुळे सोलापूर

उत्तर : तोंड उघडत नाही आणि गाडी मात्र तूच चालवणार! बैठकीत शोरूमचा विषय निघाला की त्याला मागणंच म्हणतात, आवाज कितीही गोड असू दे. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, शिक्षा कमीत कमी पाच वर्षांची. न मागता दिलेल्या भेटींची कायद्याला हरकत नाही, पण त्याही ऐपतीला धरून हव्यात आणि त्यांची यादी करून त्यावर सह्या हव्यात, असा 1985 चा नियम आहे. आपल्याकडे आहेराची वही काटेकोर लिहितात, ही यादी कुणी करत नाही.

पप्पांशी वाद घालायची ताकद नसेल तर घालू नकोस. तू मुलीच्या वडिलांना फोन कर. ‘काका, गाडी घेऊ नका. मी पगारातून घेणार आहे. दारात आली तर परत पाठवीन.’ कर्जाची सही व्हायच्या आधी कर, म्हणजे आजच. पप्पा दोन दिवस जेवणार नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवतील. आणि हा फोन केल्याचं तुझ्या होणाऱ्या बायकोला तिच्या वडिलांकडून कळू दे, तू सांगू नकोस.

प्रश्न : मी मंगळवेढ्याची, सोलापुरात हॉस्टेलला असते, बी.ए.चं शेवटचं वर्ष. रूममधल्या तिघींची लग्नं ठरली. रात्री सगळ्या फोनवर, मी एकटी पुस्तक घेऊन. यंदा हुरड्याला यायलाही कुणी नाही, गड्ड्याच्या जत्रेलाही दोघी ‘त्यांच्या’बरोबर गेल्या. घरचे म्हणतात, तू स्पर्धा परीक्षा दे, लग्नाचं नंतर बघू. मीच मागं राहिले असं वाटतं.
– हॉस्टेलवासी

उत्तर : अगं, तुझ्या घरचे ‘लग्नाचं नंतर बघू’ म्हणतात, आणि वरच्या पत्रातल्या पोरीला ‘शिक्षणाचं नंतर बघू’ ऐकावं लागतंय. तिला विचार, अदलाबदल करतेस का!

एकटं वाटतं ते खरं आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. तीन वर्षं एका खोलीत राहिल्यावर रात्रीच्या गप्पा बंद होणं लागतंच मनाला. तिघींना एकदा सरळ सांग, आठवड्यातून एक रात्र फोन बंद, चौघींचं जेवण एकत्र. ऐकतील. त्यांनाही फोनवर रोज रोज तेच बोलून कंटाळा आलेला असतो, फक्त सांगता येत नाही. हुरड्याचं म्हणशील तर मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातली पोर तू, तुला कुणी न्यायची वाट कसली बघतेस? तूच त्यांना शेतावर घेऊन जा, लग्नं व्हायच्या आधी. शेंगाचटणी आणि गूळ त्यांना आणायला लाव.

आणि तिघींच्या लग्नाला जा, रडायचं तिथं रड. पंगतीत हुग्गी असेल तर दोनदा घे.