एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत लाइव्ह करायचंय. नुसतं ‘प्ले’ दाबून उभं राहू, की सगळं हाताने वाजवू?

तुम्ही लिहिलंय की घरी केलेले आठ ट्रॅक तयार आहेत, दोन महिन्यांनी पहिला शो आहे आणि ४० मिनिटं मिळाली आहेत. ‘प्ले’ दाबून मान हलवत उभं राहायची लाज वाटते, आणि सगळं वाजवायला हात दोनच. मी पुण्यात नोकरी सांभाळून काही वर्षं हेच करतोय. कॅफेची गच्ची, छोटे क्लब, एकदा तर लग्नाच्या आदल्या रात्रीचा कार्यक्रम. त्यामुळे मोठ्या फेस्टिव्हलचं मला विचारू नका, छोट्या जागांचं सांगतो.

आधी लाजेचं बघू. तयार आवाज वाजवण्यात लाजण्यासारखं काही नाही. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचा ऑक्टोपॅडवाला काठी मारतो तेव्हा पॅडमधून निघणारा आवाज यंत्रात आधीच साठवलेला असतो. तरी तो वाजवतोय याबद्दल कुणाला शंका येत नाही, कारण कधी मारायचं, किती जोरात मारायचं आणि कुठे थांबायचं हे तो समोरची गर्दी बघून ठरवतो. म्हणून काय तयार ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, एवढंच ठरवायचं असतं. माझ्यापुरता नियम असा आहे की प्रत्येक ट्रॅकमध्ये एकच गोष्ट मोकळी, आणि ती अशी की चुकली तर लोकांना ऐकू यावी. फिल्टरचा (आवाज दबका किंवा उजळ करणारा) नॉब जरासा फिरवला आणि कुणाला कळलंच नाही, तर ते हातवारे झाले.

मी एबलटन लाइव्ह वापरतो. २००१ साली आलेलं हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत गेरहार्ड बेहलेस आणि रॉबर्ट हेन्के होते. दोघंही बर्लिनमध्ये स्वतः संगीत करणारे, आणि ते त्याच्या सेशन व्ह्यूमध्ये दिसतं. तुकडे समोर मांडलेले असतात. तुम्ही बटण कधीही दाबा, तुकडा पुढच्या समेवरच उचलतो. तुमचा प्रत्येक ट्रॅक चार भागांत फोडा: ड्रम, बेस, पॅड (मागे भरून राहणारे लांब सूर) आणि वरची धून. पहिले तीन आधीच रेकॉर्ड करून त्यांच्या ऑडिओ फाइल्स करून ठेवा, म्हणजे प्रोसेसरवर भार येत नाही. चौथा भाग हाताने वाजवा. कीबोर्ड येत नसेल तर पाच सुरांचं स्केल लावून कंट्रोलरच्या (लॅपटॉपला जोडायचं बटणांचं यंत्र) चौकोनी पॅडवर वाजवा.

फोडताना एक खोच आहे. बेसवर किकचा साइडचेन असेल (म्हणजे किक, ड्रममधला जाड ठोका, पडला की बेस क्षणभर दबतो), तर ऑडिओ करताना तो दबण्याचा हेलकावाही त्यात छापला जातो. स्टेजवर किक बंद केली तरी बेस हेलकावे देतच राहतो. मला ते आवडतं, किक नसतानाही तिची जागा कळते. नको असेल तर बेसचे दोन तुकडे करा, एक दबणारा आणि एक सरळ. दुसरं म्हणजे मास्टर केलेल्या ट्रॅकचे भाग थेट उचलू नका. चारही भाग एकत्र असताना बसवलेला कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून एकसारखा करणारा) एकट्या बेसवर भलतंच काही करतो.

आता माझ्या पहिल्या शोचं. ४५ मिनिटांचा सेट मी २८ मिनिटांत संपवला. काही बिघडलं नव्हतं, मी घाबरलो होतो. स्टेजवर एकट्याला तोच ठेका १५ सेकंद चालला तरी युग लोटल्यासारखं वाटतं, मग हात शिवशिवतात आणि पुढचा तुकडा सोडला जातो. समोरच्या माणसाला मात्र ठेका अंगात भिनायला तेवढा वेळ लागतोच. लहानपणी दोन वर्षं तबला शिकलो होतो, तो इथे उपयोगी पडला. चार-चारच्या हिशेबात १६ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे चार बार. मिनिटाला १२४ मात्रांच्या लयीत ते आठेक सेकंदांत संपतं. आता आठ आवर्तनं, म्हणजे साधारण एक मिनिट, झाल्याशिवाय मी मोठा बदल करत नाही. बोटांवर मोजतो, तबल्याच्या क्लासात बसल्यासारखा. या हिशेबाने तुमचे आठ ट्रॅक जास्त होतात. पाच घ्या.

एका ट्रॅकमधून दुसऱ्यात जाताना एकट्या माणसाची सर्वांत जास्त तारांबळ उडते. त्यावर माझा उपाय तंबोऱ्याचा. सगळे ट्रॅक शक्यतो एकाच षड्जावर आणतो आणि एका स्वतंत्र चॅनेलवर त्या सुराचा लांब ड्रोन ठेवतो. ट्रॅक संपत आला की बाकी सगळं उतरवायचं आणि ड्रोन चढवायचा. आता लय बदला, घाम पुसा, पुढचा आवाज निवडा, कुणाची घाई नाही. आपल्याकडच्या श्रोत्याला तर असा नुसता षड्ज ऐकायची सवयच आहे. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडच्या टीआर-८०८ (ठेक्याचं यंत्र) आणि टीबी-३०३ (बेसचं यंत्र) यांच्या साथीने सिंथेसायझरवर राग वाजवले होते, तेव्हा राग आणि यंत्राचा ठेका यांचं आपल्याकडे जुनंच जमतं. मी शोधलेलं काही नाही.

तांत्रिक गोष्टी भराभर सांगतो. बफर (लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी किती साठवतो ते) १२८ ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला साधारण ३ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ ला साधारण १२ (साउंड कार्डाचा स्वतःचा थोडा वेगळा). बोटांनी ड्रम वाजवणार असाल तर लहान बफर लागेल, नाहीतर मोठा ठेवून निर्धास्त राहा. छोट्या जागांत बऱ्याचदा स्पीकर मोनोवर (डावा-उजवा मिळून एकच आवाज) चालतात आणि स्टिरिओत पसरवलेला बेस तिथे स्वतःलाच खाऊन टाकतो, त्यामुळे घरीच मोनो करून ऐका. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज आला तर डीआय बॉक्सवरचं (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारी छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. साउंडवाल्या दादांना आल्या-आल्या भेटा, सेटमधला सर्वांत मोठा भाग आधी ऐकवा आणि त्यानंतर तुमच्या बाजूने आवाज वाढवू नका. वाय-फाय, अपडेट, स्क्रीन झोपणं, सगळं बंद. फोनमध्ये पाच मिनिटांचा एक शांत तुकडा ठेवा आणि फोन मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलला जोडून ठेवा. लॅपटॉप बंद पडला तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत तेवढा आधार पुरतो.

टेबल तिरकं लावा, म्हणजे हात दिसतील. लॅपटॉप बाजूला, कंट्रोलर पुढे. लॅपटॉपच्या झाकणामागे लपलेला माणूस मेल तपासतोय की बेस वाजवतोय, हे समोरच्याला कळायला मार्ग नसतो.

सराव उभं राहून करा. घरी आपण खुर्चीवर बसतो, स्टेजवर उभे असतो, आणि मनगटाचा कोन बदलला की खटके सापडत नाहीत. आठवड्यातून दोनदा पूर्ण सेट न थांबता वाजवा, चूक झाली तरी पुढे जा आणि रेकॉर्ड करा. मी आईला बसवायचो. तिचा शेरा एकच असायचा, “मधे फार लांबलं.” दर वेळी तो त्याच जागेबद्दल असायचा, म्हणून शेवटी ती जागा बदलली.

जागा उघड्यावर असेल तर सहसा रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. तुमच्या आधीचे लांबले की तुमचीच मिनिटं कापली जातात. त्यामुळे कुठूनही दोन मिनिटांत संपवता येईल असा शेवट बसवून ठेवा. माझ्या शेवटात फक्त किक आणि ड्रोन असतो. कुठल्याही ट्रॅकनंतर चिकटतो.

नवीन ग्रूव्हबॉक्स (लॅपटॉपशिवाय ठेके आणि सूर वाजवणारं यंत्र) घेऊ का, असंही शेवटी विचारलंय. या शोसाठी नको. अनोळखी यंत्र हाताशी यायला दोन महिने पुरत नाहीत. त्या पैशांतून दोन डीआय बॉक्स आणि एक जास्तीची यूएसबी केबल घ्या, आणि केबल टेबलाच्या पायाला टेपने बांधा.