जांभूळबीचा अर्क 'सिद्ध' झालाय, मग आईची गोळी बंद करू का?

तुम्ही विचारलंय की आईला ८ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि जांभळाच्या बियांचा अर्क प्रयोगशाळेत सिद्ध झाल्याचं वाचलंत, तर गोळी सोडून तोच द्यावा का.

गोळी सोडू नका. माझ्या सख्ख्या मावशीने चूर्णावर विसंबून गोळ्या सोडल्या आणि पायाची साधी जखम चार महिने भरली नाही, म्हणून हे आधी सांगतोय.

पुण्यात एमएस्सीला असताना मी वर्षभर हेच काम केलं. मंडईकडून बिया आणायच्या, सावलीत वाळवून भरड दळायच्या, इथेनॉलमध्ये अर्क काढायचा आणि इथेनॉल उडवायचं. खाली काकवीसारखा चिकट, तपकिरी गोळा उरतो. मग ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये अल्फा-ग्लुकोसिडेझ हे एन्झाइम घ्यायचं. पिष्टाचे तुकडे मोडून साखर मोकळी करण्याचं शेवटचं काम आतड्यात याच जातीची एन्झाइम्स करतात. सोबत एक रंगहीन रसायन घालायचं, एन्झाइमने ते तोडलं की पाणी पिवळं होतं. अर्क घातल्यावर पिवळं झालं नाही, तर एन्झाइम अडलं.

माझी पूर्ण ओळ फिकी राहिली त्या दिवशी मी आनंदाने घरी फोन केला होता. सरांनी एवढंच सांगितलं, "टॅनिन काढून परत कर." जांभळाची बी चावली की तोंड तुरट होतं ना, ते टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटल्यामुळे. एन्झाइम हेही प्रथिनच, त्यालाही ते तसंच चिकटतं. टॅनिन काढल्यावर माझा निम्म्याहून जास्त परिणाम गेला. शिवाय प्लेटमधलं एन्झाइम यीस्टचं होतं, कारण ते स्वस्त मिळतं. माणसाच्या आतड्यातलं वेगळं. अकार्बोज हे औषध माणसात चांगलं काम करतं, पण यीस्टच्या एन्झाइमवर त्याचा जोर फारसा चालत नाही. मग यीस्टवर चाललेला अर्क तुमच्या आईवर चालेल, हे कशावरून म्हणायचं?

पुढची पायरी उंदरांची. त्यांना बहुधा स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन देऊन स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात. टाइप २ मध्ये सहसा इन्शुलिन असतं, शरीर त्याला नीट दाद देत नाही. म्हणजे आजारच दुसरा. त्यानंतर यकृत-मूत्रपिंडाला अपाय होतो का ते बघायचं आणि मग माणसांवर चाचणी घ्यायची. बहुतेक अर्क तिथवर पोचतच नाहीत.

यावरून झाडपाल्यात काही नाही असं मात्र समजू नका. आईच्या हातातल्या मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा ऑफिसिनॅलिस या युरोपातल्या वनस्पतीत आहे. तिच्यातलं गॅलेगीन साखर उतरवायचं, पण विषारी होतं. म्हणून त्याच्या जवळची रसायनं बनवून पाहिली गेली आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न यांनी फ्रान्समध्ये मेटफॉर्मिन रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. ती गोळी या सगळ्या चाळण्यांतून आली आहे.

आईला जांभूळबीची पूड घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, गोळीसोबत घेऊ द्या. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी दुसरी गोळी किंवा इन्शुलिनही चालू असेल तर विशेष सांभाळा, साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हाताला कंप, गोंधळल्यासारखं वाटणं ही साखर फार उतरल्याची खूण. सुरू करण्याआधी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. आणि पाकिटावर 'मधुमेह मुळापासून बरा' असं छापलेलं दिसलं तर ते घेऊच नका, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने तशी जाहिरात करायलाच बंदी आहे.