पंचगंगेचं पाणी फिरून अरबी समुद्रात येतं का?

तुमचा प्रश्न असा: पंचगंगेचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं, तर ते पुढं कधी अरबी समुद्रात, आपल्या कोकणाकडं येतं का? आणि ‘दोन समुद्रांचं पाणी एकमेकांत मिसळत नाही’ असा जो व्हिडिओ फिरतोय, तो खरा का?

व्हिडिओतला दावा खोटा आहे. नदीचं गढूळ, कमी खारट पाणी हलकं असतं, त्यामुळं काही काळ दोन रंगांमध्ये कड दिसते. लाटा आणि वारा ती मोडतातच.

आता पाण्याची वाट. मी कोल्हापूरचाच, भौतिकशास्त्र शिकवतो, आणि हा प्रश्न मला मनापासून आवडला. पहिला टप्पा आपण दर पावसाळ्यात बघतो: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडतात, राजाराम बंधाऱ्यावर पातळी चढते, पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत जातं आणि सगळ्यांचं लक्ष अलमट्टीकडं लागतं. पुढं श्रीशैलम, नागार्जुनसागर. वाटेत शेतीसाठी इतकं पाणी उचललं जातं की समुद्रापर्यंत पोचतं ते मुख्यतः पुराचंच. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरच्या पाण्याचीच गोष्ट धरू.

ते विजयवाड्याच्या खाली उपसागरात उतरतं. तिथं गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी यांचंही पाणी आलेलं असतं. त्यांच्यापुढं आपला वाटा अगदी लहान. या नद्यांमुळं उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरच्या पाण्यात किलोमागे ३० ग्रॅमपेक्षाही कमी क्षार उरतात. अरबी समुद्रात मोठ्या नद्या कमी, बाष्पीभवन जास्त, म्हणून मध्यभागी हाच आकडा ३६ च्या आसपास असतो.

ऑक्टोबरपासून पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडं वाहू लागतो आणि हे गोडसर पाणी एका अरुंद पट्ट्यातून खाली नेतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा पट्टा साधारण १०० किलोमीटर रुंद असल्याचं दिसलं. त्यासाठी पाण्याचे नमुने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी गोळा केले होते, हे मला फार मोलाचं वाटतं. पाल्कची सामुद्रधुनी उथळ असल्यानं बहुतेक पाणी श्रीलंकेला वळसा घालून पश्चिमेला येतं आणि लक्षद्वीप-केरळच्या समुद्रात शिरतं.

खरी विलक्षण गोष्ट इथून पुढं आहे. नोव्हेंबर ते जानेवारीत आपल्या किनाऱ्यालगत वारा साधारण उत्तरेकडून येतो आणि प्रवाह मात्र उत्तरेकडं जातो. वाऱ्याच्या थेट विरुद्ध! कारण या प्रवाहाला जोर मिळतो तो मोठ्या प्रमाणावर उपसागरातून. तिथल्या वाऱ्यांनी समुद्रात घडवलेला बदल केल्विन लाटेच्या रूपानं किनाऱ्याकिनाऱ्यानं निघतो. पृथ्वीच्या परिवलनामुळं उत्तर गोलार्धात ही लाट किनारा उजव्या हाताला ठेवूनच पुढं सरकते. म्हणजे पूर्व किनाऱ्यानं खाली, श्रीलंकेभोवती, मग पश्चिम किनाऱ्यानं वर. तिचा वेग दिवसाला सुमारे २०० किलोमीटर. डोळ्यांना ती दिसणार नाही, कारण पृष्ठभाग काही सेंटिमीटरच हलतो. पण आतली उबदार आणि थंड पाण्याची सीमा कितीतरी मीटर वरखाली होते. लाट वेगानं पुढं जाते, पाणी मागून सावकाश येतं. काकीनाड्याच्या बाजूला वाहिलेल्या वाऱ्याचा परिणाम मालवणच्या समुद्रात दिसावा, ही गोष्ट शाळेच्या भूगोलात असायलाच हवी असं मला वाटतं.

म्हणून तुमचं उत्तर: हो, थोडंसं येतं. हे कमी खारट पाणी केरळ-लक्षद्वीपच्या भागात स्पष्ट ओळखू येतं; उत्तरेकडं सरकताना ते अरबी समुद्राच्या खाऱ्या पाण्यात मिसळत जातं, आणि कोकणापर्यंत येताना त्याची ओळख बरीच पुसट होते. त्यातलं पंचगंगेचं कुठलं, हे कुणालाही वेगळं काढता येणार नाही.

उन्हाळी मोसमी वारे सुरू झाले की सगळं उलटतं. पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेला वाहतो आणि श्रीलंकेच्या दक्षिणेकडून अरबी समुद्राचं खारं, जड पाणी उपसागरात शिरून तिथल्या गोडसर थराखाली जातं.

हे स्वतः बघायचं असेल तर उपग्रहांनी मोजलेल्या समुद्राच्या क्षारतेचे नकाशे इंटरनेटवर मोफत मिळतात. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीचे नकाशे शेजारी ठेवा आणि श्रीलंकेच्या टोकाकडं नीट बघा.