यादीत क्षेत्र कमी लागलंय, आणि कुणी खातं मागतंय

प्रश्न : अतिवृष्टीत माझं 1 हेक्टर 20 आर सोयाबीन गेलं, नुकसानभरपाईच्या यादीत 20 आरच लागलंय. गुंठाभर जमीन नसलेल्याचं नाव मात्र यादीत आहे. त्यातच गावातला एक जण म्हणतो, "तुझ्या खात्यावर जादा रक्कम टाकायला लावतो, निम्मी मला दे." काय करू?

उत्तर : दादा, आधी तुमच्या क्षेत्राचं बघू. ही नोंदीतली चूक दिसते, हेक्टरचा आकडा भरताना सुटला असावा. जिरायतीला हेक्टरी 8,500 रुपये धरले तर तुमचे 10,200 व्हायला हवेत, या नोंदीने 1,700 येतील. सातबारा, आठ-अ, ई-पीक पाहणीची नोंद आणि यादीत तुमच्या नावासमोर असलेला विशिष्ट क्रमांक जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या क्रमांकावर ई-केवायसीचा (आधारवरून ओळख पटवण्याचा) अंगठा देऊ नका, कारण एकदा रक्कम जमा झाली की फरक मिळवणं फार जड जातं.

आता खातं मागणाऱ्याबद्दल. त्याला स्पष्ट नाही म्हणा, मग तो भावकीतला असो की पुढारी. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतला अनुदान घोटाळा 2025 मध्ये उघड झाला, तो याच वाटेने गेलेला होता : जमीन नसलेल्यांची नावं, वाढवलेलं क्षेत्र, एकाच माणसाला दोनदा रक्कम. तलाठी निलंबित झाले. पण पैसे ज्याच्या खात्यावर आले, त्याचं नाव बँकेच्या नोंदीत कायम राहतं आणि वसुलीची नोटीस त्याच्याच दारात येते. निम्मे नेणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. मला या प्रकाराची फार चीड येते, कारण हा पैसा पीक वाहून गेलेल्या घरासाठी असतो.

यादीतल्या त्या बोगस नावाबद्दल वेगळा अर्ज करा. गट क्रमांक लिहा, एकट्याने नको, चार-पाच खातेदारांच्या सह्या घ्या. भांडण काढू नका. कधी कधी वडिलांच्या नावची जमीन मुलगा कसत असतो आणि वारस नोंद राहिलेली असते, ते पडताळणीत कळेल.

नुकसानभरपाईच्या नावाने मोबाईलवर एपीके फाईल (उघडली की मोबाईलमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.