पडद्यामागचे प्रश्न : मालिका निम्म्यावर असताना निर्माता बदलतो तेव्हा

प्रश्न : आमची पुण्यात छोटी ॲनिमेशन कंपनी आहे. एका वाहिनीसाठी मुलांच्या टूडी मालिकेचा तिसरा सीझन करत होतो. ११ मिनिटांचे ५२ भाग ठरले होते, २१ दिले. अचानक ईमेल आला की पुढच्या सोमवारपासून दुसरी कंपनी काम बघेल, तुम्ही आठ दिवसांत ‘सगळं’ हार्ड डिस्कवर द्या. दोन बिलं थकली आहेत. पैसे येईपर्यंत डिस्क अडवून धरावी का?

उत्तर : अडवू नका. आणि पोचपावती न घेता देऊही नका.

डिस्क अडवली आणि टेलिकास्टची तारीख चुकली, तर थकबाकीचा विषय मागे पडतो आणि वाहिनीच्या नुकसानीचा पुढे येतो. म्हणजे ज्याचे पैसे यायचे तोच बचावाला उभा. आधी करार काढा आणि दोन कलमं शोधा. पहिलं करार संपवण्याचं. तुमची चूक दाखवून काढलं आहे की कारण न देता करार संपवायची मुभा वापरली आहे? चूक दाखवली असेल तर ती सुधारायला बहुतेक करारांत मुदत असते. ती मिळाली का ते पाहा. दुसरं कलम नोटिशीचं. नोटीस नोंदणीकृत पत्त्यावर लेखी द्यायची असं लिहिलं असेल आणि तुम्हाला नुसता ईमेल आला असेल, तर मुदत कधीपासून मोजायची हा वादाचा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. उत्तरात तो नोंदवा, पण त्यावर काम थांबवून बसू नका.

आता खरं काम. ‘२१ भाग झाले, ३१ राहिले’ हा हिशेब ॲनिमेशनमध्ये खोटा असतो. एकाच सोमवारी २२ वा भाग ध्वनी-मिक्सला असतो, २३ ते २५ कॉम्पोझिटिंगला (पात्रं आणि पार्श्वचित्रं एकत्र जोडणं), २६ ते २९ ॲनिमेशनला, ३० ते ३३ ॲनिमॅटिकला (स्टोरीबोर्डची आवाजासह कच्ची चित्रफीत) आणि त्यापुढचे पटकथेत. ही सरळ रेघ नाही, जिना आहे. म्हणून एक तक्ता करा : आडवे टप्पे, उभे भाग, आणि प्रत्येक चौकटीत किती टक्के झालं व वाहिनीने मंजुरी कोणत्या तारखेला दिली. वर गोठवण्याची, म्हणजे जिथपर्यंतचं काम तुमचं धरायचं ती, तारीख आणि वेळ लिहा, उदाहरणार्थ शुक्रवार संध्याकाळी सहा. या कागदावर तुमची, वाहिनीच्या कार्यकारी निर्मात्याची आणि जमल्यास नव्या कंपनीची सही घ्या. पुढचे सगळे वाद, पैशांचे, नावाचे, चुकांचे, या एकाच कागदावर सुटतात किंवा अडकतात.

पैशांत तो असा वापरायचा. समजा तुमच्या बजेटमध्ये एका भागाची विभागणी अशी आहे : पटकथा ८ टक्के, स्टोरीबोर्ड १२, ॲनिमॅटिक ५, आवाजाचं रेकॉर्डिंग ५, लेआउट आणि पार्श्वचित्रं १५, ॲनिमेशन ३५, कॉम्पोझिटिंग १२, ध्वनी-मिक्स ८. सत्ताविसाव्या भागाचं ॲनिमेशन ६० टक्के झालं असेल, तर आधीचे पाच टप्पे मिळून ४५ आणि ३५ चे ६० टक्के म्हणजे २१. एकूण ६६ टक्के मोबदला मागा. करारात ‘भाग पोचल्यावर पैसे’ एवढंच असेल तर वाहिनी म्हणेल, अर्धवट भागाचं काही देणं नाही. मात्र ते अर्धवट काम घेऊन नवी कंपनी भाग पूर्ण करणार असेल, तर भारतीय करार कायद्याचं कलम ७० तुमच्या कामी येतं : फुकट करायच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने भरपाई द्यायची.

थकलेल्या बिलांसाठी तुमची कंपनी सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीत आहे का पाहा. नोंदणी करारापूर्वीची असेल तर जागा भक्कम. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ प्रमाणे करारात मुदत कितीही लिहिली असली तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे लांबवता येत नाहीत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. ‘स्वीकारल्याचा’ पुरावा म्हणजे क्यूसी (गुणवत्ता तपासणी) पास झाल्याचा ईमेल. तो आजच बाजूला काढून ठेवा, कारण कंपनीच्या जागी दुसरी आली की सामायिक फोल्डरमधून तुमचा प्रवेश सर्वांत आधी बंद होतो.

शेवटी डिस्क. दोन समान प्रती करा, एक त्यांची, एक तुमच्या वकिलाच्या सल्ल्याने सीलबंद. फोल्डरनिहाय फाइलींची संख्या, एकूण बाइट्स आणि चेकसमची (फाइल जशीच्या तशी आहे हे दाखवणारा आकडा) यादी छापून त्यावर सही घ्या. देण्याआधी कोणतेही तीन भाग इंटरनेट बंद केलेल्या, कोऱ्या संगणकावर उघडून पाहा. नेमकं इथेच घोटाळा निघतो. रिगशी (पात्र हलवायच्या सांगाड्याशी) जोडलेली रंगांची पॅलेट सर्व्हरवर राहिलेली असते आणि नायकाचा पिवळा सदरा टूनबूम या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भडक लाल दिसतो. फाँट नसतो, म्हणून पाटीवरची अक्षरं फुटतात. फाइल तुमच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली असते आणि त्यांची जुनी ती उघडत नाही. नवी कंपनी हे सगळं ‘आधीच्यांनी खराब माल दिला’ या नावाने वाहिनीला कळवते.

विकत घेतलेल्या गोष्टींची यादी वेगळी करा : लायब्ररीतलं संगीत, फाँट, ब्रश, प्लगइन. परवाना तुमच्या कंपनीच्या नावावर असेल तर डिस्कबरोबर तो आपोआप जात नाही. आणि फ्रीलान्स चित्रकार, लेखक यांचे लेखी करार तपासा. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर फक्त भारत. ‘सर्व हक्क, जगभर, कायमचे’ असं हमीपत्र वाहिनी तुमच्यापुढे सरकवेल. तुमच्याकडेच जे नाही त्याची हमी देऊ नका, आधी त्या लोकांकडून पुरवणी सह्या घ्या.

प्रश्न : वरच्यासारखीच वेळ माझ्यावर आली, पण मी कंपनी नाही, पगारी निर्माती आहे. १४० भाग केले. आता जुन्या भागांवरही माझ्या जागी नव्या माणसाचं नाव दिसतंय. कायदा काय म्हणतो?

उत्तर : इथे शब्द फसवतो. कॉपीराइट कायद्यात निर्माता म्हणजे काम उभं करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती वा संस्था, म्हणजे बहुधा तुमची कंपनी किंवा वाहिनी. नामावलीच्या पाटीवरचा ‘निर्माती’ हा नुसता हुद्दा. चित्रफितीचा कर्ता (ऑथर) कायद्याने निर्माता असतो. त्यामुळे कर्त्याला नाव मिळवून देणारं कलम ५७ पगारी निर्मातीला फारसं उपयोगी पडत नाही. तुम्ही काही भागांच्या पटकथा स्वतः लिहिल्या असतील तर त्या भागांपुरती लेखिका म्हणून तुमची बाजू बरीच मजबूत आहे. बाकी आधार करार आणि नेमणूकपत्राचाच.

तरी हे मुद्दाम केलेलं असेलच असं नाही. शेवटची नामावली ही एक स्वतंत्र फाइल असते. नव्या टीमने तिच्यात नाव बदललं आणि पुनःप्रक्षेपणासाठी वा ॲपवर चढवण्यासाठी जुने भाग पुन्हा रेंडर केले (अंतिम चित्रफीत नव्याने काढली), की १४० च्या १४० भागांवर नवं नाव चिकटतं. म्हणून ‘माझं नाव काढलं’ असं मोघम पत्र न लिहिता भाग क्रमांक, पहिल्या प्रक्षेपणाची तारीख, तेव्हाच्या नामावलीचं छायाचित्र आणि आताचं छायाचित्र असा तक्ता पाठवा. पाटीबरोबर ॲपवरच्या माहितीतलं नावही दुरुस्त करायला सांगा, ते दुसराच विभाग भरतो. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये नेमकं कसं लिहायचं तेही द्या. अर्धवट सोडलेल्या भागांसाठी दोन्ही नावं, जाणाऱ्याचं आधी, ही रीत सर्वांत कमी कटकटीची.

प्रश्न : मी दुसऱ्या बाजूचा आहे. गोरेगावच्या फिल्मसिटीत चालू असलेली मुलांची मालिका मधेच माझ्याकडे आली. सहा बालकलाकार आहेत. आधीच्या निर्मात्याने परवानग्या घेतल्या होत्या, त्या चालतील ना?

उत्तर : गृहीत धरू नका. परवानगी ज्या जिल्ह्यात चित्रीकरण त्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची लागते. फिल्मसिटी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, म्हणजे वांद्र्याचं कार्यालय. अर्जासोबतचं हमीपत्र निर्मात्याने दिलेलं असतं आणि ते फक्त सहा महिने चालतं. त्यात मुलांची यादी, पालकांची संमती आणि मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव असतं. निर्माता बदलला, तो जबाबदार माणूसही युनिटबरोबर गेला, मग जुना कागद कुणाला बांधणार? स्वतःच्या नावाने नवं हमीपत्र देऊनच चित्रीकरणाचा पहिला कॉल लावा.

२०१७ च्या बालकामगार नियमांतले आकडे कॉल शीटच्या (दिवसाच्या चित्रीकरणाच्या वेळापत्रकाच्या) वरच छापा : दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. तुमची मुलं सहा, म्हणजे दोन माणसं. मुलाच्या कमाईचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत थेट जायला हवा. निर्माता बदलताना हमखास बुडतो तो हाच हप्ता : जुना म्हणतो नवा भरेल, नवा म्हणतो गोठवण्याच्या तारखेपूर्वीचं माझं नाही. प्रत्येक मुलाची ठेवपावती पाहून मगच जुन्या निर्मात्याला ना-देय पत्र द्या. २७ दिवसांची मोजणीही तुमच्या पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही, मूल आधी किती दिवस सलग कामावर होतं ते धरून मोजा.

आणि अर्धे चित्रित झालेले भाग सर्वांत आधी संपवा. मोठ्या कलाकारांची तारीख मिळते, मुलांचं वय थांबत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाचे पुढचे दुधाचे दात कधीही पडतात, आणि दारातून आत येणारा बबड्या बत्तिशी दाखवतो, खोलीत पोचतो तो बोळका. जुन्या कंटिन्युइटीवाल्याची (दोन शॉटमध्ये कपडे, केस, वस्तू जुळतात ना ते बघणाऱ्याची) वही, कपड्यांची मापं, केसांची छायाचित्रं हस्तांतराच्या यादीत आवर्जून लिहून घ्या. वही बहुतेकदा त्या माणसाची खासगी समजली जाते आणि त्याच्याबरोबर घरी जाते. शाळेच्या अभ्यासाची सोय कोण बघत होतं तेही विचारा, शिक्षण खंडित होऊ न देणं हीसुद्धा निर्मात्याची जबाबदारी.

प्रश्न : परदेशात मोठ्या मालिकांचं असं कधी झालंय का?

उत्तर : पुष्कळदा. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचं १९७७ चं उदाहरण बोलकं आहे. निर्माते फिलिप हिंचक्लिफ यांच्या काळात मालिका मुलांसाठी फार भीतिदायक झाल्याची, टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांची तक्रार गाजली. हिंचक्लिफ यांना ‘टार्गेट’ या पोलिसी मालिकेवर हलवलं आणि त्या मालिकेची तयारी करणारे ग्रॅहम विल्यम्स इकडे आले. चक्क अदलाबदल! विल्यम्स यांना हिंसा कमी करायची सूचना होती, आणि पुढच्या भागांत विनोद वाढलेला दिसतो. अमेरिकेत निकलोडियनने १९९२ मध्ये ‘रेन अँड स्टिम्पी’ या कार्टून मालिकेचे जनक जॉन क्रिकफालुसी यांना काढलं. काम वाहिनीच्याच गेम्स ॲनिमेशनकडे गेलं, सूत्रं त्यांचेच सहकारी बॉब कॅम्प यांच्याकडे. जनक गेला तरी मालिका चालू राहिली, कारण पात्रांचे हक्क वाहिनीकडे होते. आपल्याकडे पात्र घेऊन वाहिनीच्या दारात उभ्या राहणाऱ्यांनी एवढा एक मुद्दा सही करण्याआधी वाचावा.

प्रश्न : काढून टाकल्यावर वाहिनी म्हणते, दोन वर्षं मुलांची दुसरी मालिका करायची नाही, करारात तसं कलम आहे. खरंच बांधील आहे का?

उत्तर : करार संपल्यानंतर व्यवसाय करू न देणारी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते. नवी मालिका करा, पण जुन्या मालिकेची न आलेली कथानकं, पात्रांचे आराखडे, बजेटचे आकडे तिथे नेऊ नका. शोरीलमध्ये (स्वतःच्या कामाचे नमुने दाखवणाऱ्या चित्रफितीत) जुने तुकडे वापरायचे असतील तर हस्तांतराच्या त्याच कागदात एका ओळीची लेखी परवानगी घ्या. त्या दिवशी त्यांना तुमची सही हवी असते, तेव्हा ती ओळ लगेच मिळते.